सहाच्या जागी पाच : एका रिझर्व सैनिकाचं हरवलेलं विसावं वर्ष

२०२३ च्या फेब्रुवारीत दादा कराचे कागद घेऊन माझ्याकडे आले. टेक्ससमधल्या आमच्या शहरात बऱ्याच मराठी घरांची कर-विवरणं मी भरून देते, दादांचंही गेली काही वर्षं मीच भरते. काम संपलं, चहा झाला, तरी ते उठेनात. मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "अगं, वीस वर्षं घातली मी. इथे एकोणीसच लिहिलीत. तू आकडेवाली आहेस, बघ जरा."

तो त्यांच्या लष्करी सेवेच्या पॉइंटांचा वर्षवार तक्ता होता. १४ जून १९९८ ते १३ जून २०१८, अशा २० ओळी. १९ ओळींपुढे वर्ष भरल्याची नोंद होती. एका ओळीपुढे, १४ जून २००५ ते १३ जून २००६ या वर्षासमोर, ४३ पॉइंट होते आणि भरलेल्या वर्षाच्या रकान्यात शून्य.

७ पॉइंट कमी होते. त्यापायी सगळं निवृत्तिवेतन अडलं होतं.

हे प्रकरण दादा आणि वहिनींच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. अमेरिकेच्या रिझर्वमध्ये किंवा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या अर्धवेळ लष्करी सेवेत, असलेली मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत. त्यांच्या आईवडिलांना या हिशेबाची कल्पना नसते, आणि पुष्कळदा त्या मुलांनाही नसते.

वर्ष भरणं म्हणजे काय

दादा सातारा जिल्ह्यातले. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आपल्याकडच्या फौजेचा हिशेब त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होता : जवानाची १५ वर्षं झाली की पेन्शन, आणि ती घरी आल्यापासून सुरू. दादा नोकरीसाठी अमेरिकेत आले, ग्रीन कार्ड मिळालं, आणि १९९८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांनी आर्मी रिझर्वमध्ये नाव घातलं. वडिलांची इच्छा एवढंच कारण ते आजही सांगतात. वडिलांचा हिशेबही नकळत त्यांच्या डोक्यात तसाच राहिला : वीस वर्षं घालायची, मग पेन्शन.

रिझर्वचं गणित वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या कायद्याने ही योजना आली. तिच्यात वर्षं नुसती मोजत नाहीत, ती भरावी लागतात. भरतीच्या तारखेपासून प्रत्येकाचं स्वतःचं निवृत्ती-वर्ष चालू होतं. त्या वर्षात किमान ५० पॉइंट झाले तरच ते वर्ष धरतात. नुसतं सदस्य असण्याचे १५ पॉइंट मिळतात. चार तासांच्या एका ड्रिलला, म्हणजे सरावाच्या एका सत्राला, एक पॉइंट, म्हणजे महिन्याच्या एका शनिवार-रविवारचे चार. सक्रिय सेवेच्या प्रत्येक दिवसाला एक, त्यात उन्हाळ्यातलं दोन आठवड्यांचं वार्षिक प्रशिक्षणही आलं. टपालाने केलेल्या लष्करी अभ्यासक्रमाच्या दर तीन तासांना एक. साधारण वर्ष सत्तरीच्या पुढे जातं, म्हणून ५० ची अट कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

अशी २० वर्षं भरली की 'वीस वर्षांचं पत्र' येतं. पैसे मात्र बहुतेकांना वयाच्या ६० व्या वर्षापासूनच. २८ जानेवारी २००८ नंतर सक्रिय सेवेवर बोलावलं गेलेल्यांसाठी ते वय दर ९० दिवसांमागे तीन महिन्यांनी खाली येऊ शकतं. दादा इराकला जाऊन आले ते डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे ही सवलत लागू होण्याआधीच.

माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती पुढच्या गोष्टीत. जास्तीचे पॉइंट पुढच्या किंवा मागच्या वर्षात सरकत नाहीत. दादांच्या २००६–०७ या वर्षात २९१ पॉइंट होते, कारण त्या हिवाळ्यात त्यांचं युनिट इराकला गेलं. रकमेच्या हिशेबात ते सगळे धरले जातात, पण शेजारच्या ४३ वाल्या वर्षाला त्यातले सातही देता येत नाहीत. एका ओळीत २९१, तिच्या वरच्याच ओळीत ४३, आणि मधली भिंत कायद्याची. त्या दोन ओळींवर बोट ठेवून दादा बराच वेळ बसले होते.

२००५–०६ मध्ये काय झालं

पहिलं काम म्हणजे ४३ ची फोड करणं. ती सोपी निघाली : सदस्यत्वाचे १५ आणि सात वीकएंडांचे २८. हे सातही वीकएंड जून अखेर ते डिसेंबर २००५ मधले, न्यू जर्सीतल्या जुन्या युनिटमधले. वार्षिक प्रशिक्षणासमोर शून्य.

तिथे मी थांबले. वीस वर्षांत प्रशिक्षण चुकवलेला हा माणूस नव्हता. आदेश काढून बघितल्यावर उलगडा झाला. जुन्या युनिटचं २००५ चं प्रशिक्षण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होतं आणि १२ तारखेला संपलं, दादांचं निवृत्ती-वर्ष १४ ला सुरू झालं. नव्या युनिटचं २००६ चं प्रशिक्षण जुलैमध्ये. एक आधीच्या वर्षात पडलं, दुसरं नंतरच्या. तेरा महिन्यांत माणूस दोनदा प्रशिक्षणाला गेला, आणि मधलं वर्ष त्या बाबतीत कोरडं राहिलं. यात कुणाची चूक नव्हती. पण हे त्या वेळी कुणी बघितलं असतं, तर एखादा जादा वीकएंड करून भागलं असतं.

मधल्या काळात घर बदललं. जानेवारी २००६ मध्ये नोकरी टेक्ससला आली. जुन्या युनिटने त्यांना राखीव यादीत टाकलं, म्हणजे सैनिक तर आहे पण युनिट नाही. नव्या युनिटमध्ये जागा रिकामी नव्हती. तिथल्या कमांडरने सांगितलं, जागा होईपर्यंत विनावेतन ये, पॉइंट मिळतील. मार्चअखेरीस तसा आदेशही निघाला. त्याप्रमाणे दादा दोन वीकएंड गेले : १–२ एप्रिल आणि ६–७ मे. अशा विनावेतन हजेरीसाठी डीए १३८० नावाचा फॉर्म असतो. पगाराच्या यंत्रणेतून हजेरी आपोआप चढते, या फॉर्मची मात्र कुणीतरी हाताने पाठवणी करावी लागते. जूनमध्ये जागा झाली, दादा रीतसर युनिटमध्ये आले. पहिली पगारी ड्रिल १७–१८ जूनला होती, म्हणजे नव्या निवृत्ती-वर्षात.

दोन वीकएंडांचे आठ पॉइंट. ४३ अधिक ८ म्हणजे ५१. ते दोन फॉर्म पोचले असते तर हे प्रकरण घडलंच नसतं.

एप्रिलचा फॉर्म कुठेच मिळाला नाही. मेच्या फॉर्मची एक प्रत दादांकडे होती. सही होती, शिक्का होता, तास लिहिलेले होते. आणि तारखेच्या रकान्यात टाइप केलं होतं : ६–७ मे २००५.

तीन वर्षं वाया गेली ती अशी

दादा जून २०१८ मध्ये करार संपल्यावर बाहेर पडले. वीस वर्षं झाली अशी त्यांची खात्री होती. मुदतवाढ मागितली असती तर मिळण्यात अडचण नव्हती, वय ५३ होतं. पत्र येईल म्हणून वाट बघितली. वर्षभर आलं नाही, तेव्हा चौकशी केली, आणि तक्ता हातात आला. २०२० मध्ये त्यांनी मेच्या फॉर्मची प्रत नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला पाठवली. उत्तर आलं : फॉर्मवरची तारीख २००५ ची आहे, ते वर्ष आधीच भरलेलं आहे, २००६ साठी काही करता येत नाही.

उत्तर कागदाला धरून होतं. फॉर्म हातात घेणाऱ्याला २००५ दिसतं, तो २००५ च वाचणार. शिवाय खरं सांगायचं तर, तारीख बरोबर असती तरी एकट्या मेच्या फॉर्मने ४३ चे ४७ झाले असते. दादांनी त्या वेळी ही बेरीज केली नव्हती. संताप इतका होता की आकडा किती कमी पडतो हे बघायचं राहून गेलं. पुढे तीन वर्षं तो कागद घड्या घालून खिशात.

एक गोष्ट मला फार लागली. कायद्यात अशी तरतूद आहे की वीस वर्षांचं पत्र एकदा निघालं की मोजणीतली चूक नंतर सापडली तरी हक्क काढून घेता येत नाही. सैनिकाने स्वतः फसवणूक केली असेल तरच तो अपवाद. म्हणजे २०१८ मध्ये कुणी तक्ता न बघता पत्र पाठवून दिलं असतं, तरी दादा सुरक्षित होते. सरकारची चूक सैनिकाच्या फायद्याची निघाली तर ती टिकते. तोट्याची निघाली तर ती चूक आहे हे सैनिकाने सिद्ध करायचं. ही रचना मला न्याय्य वाटत नाही. पण लढायचं तर तिच्याच चौकटीत.

साडीचं खोकं

मी दादांना म्हटलं, "घरात असतील नसतील तेवढे सगळे कागद आणा. कामाचा कुठला ते तुम्ही ठरवू नका." दुसऱ्या रविवारी वहिनी स्वतः आल्या, साड्यांची दोन खोकी घेऊन. एकात आदेश, पगाराच्या पावत्या, प्रमाणपत्रं. दुसऱ्यात जुनी कालनिर्णयं. साताऱ्याहून जाऊबाई दर वर्षी पाठवतात, आणि मागच्या पानांवरच्या पाककृतींसाठी वहिनींनी ती सांभाळून ठेवलेली.

पहिल्या खोक्यात, पावत्यांच्या मध्ये, एक प्रमाणपत्र निघालं. टपालाने केलेला लष्करी अभ्यासक्रम, १२ तास, पूर्ण केल्याची तारीख ९ जून २००६. तीन तासांना एक या दराने चार पॉइंट. निवृत्ती-वर्ष संपायला चार दिवस असताना ते मिळवलेले होते, आणि तक्त्यात त्याची नोंद नव्हती. दादा तो अभ्यासक्रम साफ विसरले होते. बढतीसाठी केला होता, पॉइंटांसाठी नाही.

हिशेब बदलला. ४३, त्यात अभ्यासक्रमाचे ४, त्यात मेचे ४, म्हणजे ५१. एप्रिलचा फॉर्म नसला तरी चालणार होतं. पण मेच्या फॉर्मवरचं साल काहीही करून दुरुस्त व्हायला हवं होतं. नुसत्या प्रमाणपत्राने ४७ वर गाडी अडत होती.

दुसरं खोकं वहिनींनीच उघडलं. २००६ चं कालनिर्णय, मे महिना. ६ आणि ७ तारखेवर बॉलपेनने आडवी रेघ आणि बारीक अक्षरात : "हे ड्रिलला. गाडी नाही." एप्रिलच्या पानावर १ तारखेला : "मंडळाचा पाडवा. हे नाहीत, ड्रिल." त्या वर्षी पाडवा गुरुवारी, ३० मार्चला होता. परदेशातल्या रिवाजाप्रमाणे महाराष्ट्र मंडळाने कार्यक्रम शनिवारवर ढकलला, आणि त्याच शनिवारी दादा युनिटमध्ये होते. नव्या गावातला पहिला पाडवा, वहिनी दोन मुलांना घेऊन एकट्या गेल्या होत्या. सतरा वर्षांनीही तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता.

त्या बोलत होत्या आणि मी मे महिन्याच्या पानाकडे बघत होते. ६ मे २००६, शनिवार. ७ मे, रविवार. मग मी २००५ चं कालनिर्णय मागितलं. ६ मे २००५ शुक्रवार होता, ७ मे शनिवार.

युनिटच्या ड्रिल शनिवार-रविवारीच होत, वर्षाचं छापील वेळापत्रकही तेच सांगत होतं. शुक्रवार-शनिवारची ड्रिल झालीच नसती. आणि फॉर्मवर नाव होतं टेक्ससच्या युनिटचं. मे २००५ मध्ये दादा न्यू जर्सीत, दुसऱ्या युनिटच्या हजेरीपटावर, पगारावर होते. टेक्ससच्या युनिटला जोडल्याचा आदेश मार्च २००६ चा. सहाच्या जागी पाच टाइप झालं होतं, बाकी काही नाही.

बोर्डाकडे

आम्ही आधी त्याच कार्यालयाकडे नव्या पुराव्यासह पुन्हा लिहिलं. लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे जाण्यापूर्वी खालचे मार्ग वापरून झालेले असावे लागतात, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. उत्तर आलं की सेवेतून बाहेर पडलेल्या सैनिकाची अशी नोंद आम्ही बदलणार नाही, बोर्डाकडे जा. तेवढं लेखी उत्तर आम्हाला पुरेसं होतं.

आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स ही लष्करी न्यायालयासारखी संस्था नाही. तिचे सदस्य नागरी अधिकारी असतात, प्रत्येक प्रकरण तिघांपुढे जातं. १९४६ पूर्वी लष्करी नोंद दुरुस्त करायची तर अमेरिकी काँग्रेसमध्ये त्या एका माणसापुरतं विधेयक आणावं लागे. विधेयकांचा असा ढीग झाला की काँग्रेसने ते काम कायद्याने या बोर्डांकडे सोपवलं. अर्जाला फी नाही, वकील सक्तीचा नाही. डीडी १४९ हा फॉर्म, सोबत निवेदन आणि पुरावे. जुने निकाल नावं काढून लोकांसाठी खुले असतात. त्या दोन महिन्यांत मी रात्री बसून रिझर्वच्या पॉइंटांचे जेवढे सापडले तेवढे वाचले. त्यातून तीन गोष्टी कळल्या, आणि अर्ज त्यांवरच उभा राहिला.

पहिली म्हणजे मुदत. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. दादांचा वार्षिक तक्ता २००७ पासून त्यांना बघता येत होता, त्यात ४३ तेव्हाही होते. आम्ही ते लपवलं नाही. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की अर्जदाराने तक्ता तपासायला हवा होता, तपासला नाही. न्यायाच्या हितासाठी मुदत माफ करण्याचा अधिकार बोर्डाला आहे, तो वापरावा अशी विनंती केली, आणि त्याचं कारण म्हणून पुराव्याची ताकद दाखवली. मी वाचलेल्या निकालांत मुदतीवर वाद घालणाऱ्यांचं फारसं भलं झालेलं दिसलं नाही. ज्यांचा पुरावा पक्का होता, त्यांच्या उशिराकडे बोर्डाने बहुधा काणाडोळा केलेला दिसला.

दुसरी, सिद्ध करण्याचं ओझं. सरकारी नोंद बरोबर आहे असं धरूनच बोर्ड सुरुवात करतं. आपल्या बाजूचं पारडं थोडं तरी जड करून दाखवावं लागतं. "मी प्रामाणिकपणे सेवा केली" याने ते हलत नाही. दादांच्या पहिल्या मसुद्यात इराक होतं, वडील होते, मित्राचा मृत्यू होता. ते वाचताना मला रडू आलं. तरीही मी त्यांना ते काढायला सांगितलं. त्यांना राग आला, दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काढ. पण एक ओळ ठेव, की मला माहीत असतं तर मी अजून एक वर्ष थांबलो असतो." ती ओळ ठेवली, आणि ती महत्त्वाची होती. मागायची संधीच मिळाली नाही असं नुकसान त्यात दिसत होतं.

तिसरी गोष्ट मागणीची, आणि इथे बहुतेकांचं निसटतं. नुसतं "पॉइंट द्या" एवढं मागून भागत नाही. दादा २०१८ मध्ये पूर्ण सेवामुक्त झाले होते, कारण वीस वर्षांच्या पत्राशिवाय निवृत्त राखीव दलात, म्हणजे वर्षं भरून वेतनाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत, जाता येत नाही. सेवामुक्त माणसाचं निवृत्तिवेतन त्याच्या सेवामुक्तीच्या वेळच्या वेतनश्रेणीवर ठरतं. निवृत्त राखीव दलात असलेल्याचं साठाव्या वर्षीच्या श्रेणीवर. सात वर्षांच्या पगारवाढीचा फरक. म्हणून आम्ही चार गोष्टी मागितल्या : अभ्यासक्रमाचे, मेचे आणि एप्रिलचे मिळून बारा पॉइंट २००५–०६ मध्ये जमा करा, ते वर्ष भरलेलं धरा, वीस वर्षांचं पत्र द्या, आणि २०१८ ची सेवामुक्ती रद्द करून त्याच तारखेपासून निवृत्त राखीव दलात बदली दाखवा. शेवटी पर्याय म्हणून पाचवी : पुरावा अपुरा वाटला तर २००६–०७ च्या २९१ मधले सात मागच्या वर्षात सरकवा. कायद्याने आपोआप सरकत नाहीत, पण नोंद दुरुस्त करण्याच्या अधिकारात बोर्डाने काही प्रकरणांत ते केलेलं आहे.

कालनिर्णयाच्या दोन पानांचं इंग्रजी भाषांतर मी केलं नाही. अर्जात माझा हात होता, म्हणून मंडळातल्या एका शिक्षिकेने केलं आणि अचूकतेचं प्रमाणपत्र सही करून दिलं. "हे" या शब्दावर त्या अडल्या. बायको नवऱ्याला नावाने न लिहिता "हे" लिहिते, ते इंग्रजीत सरळ उतरत नाही. त्यांनी खाली टीप दिली. वहिनींचं शपथपत्रही जोडलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्जाचा विचारही नव्हता, मे २०२३ मध्ये तो टपालात पडला.

सल्ला आणि निकाल

बोर्ड निकालाआधी संबंधित कार्यालयाचा सल्ला मागवतं आणि त्याची प्रत अर्जदाराला देतं. डिसेंबरमध्ये ती आली. प्रमाणपत्राचे चार पॉइंट द्यायला हरकत नाही, मेच्या फॉर्मवरची तारीख २००५ असल्याने ते देता येत नाहीत, एप्रिलला सरकारी कागदच नाही. एकूण ४७. अर्ज फेटाळावा.

वहिनींनी विचारलं, "संपलं का?" संपलं नव्हतं. सल्ला बोर्डावर बंधनकारक नसतो, आणि उत्तर द्यायची मुदत मिळते. सल्ला लिहिणाऱ्याने वाराचा मुद्दा वाचलाच नव्हता, कारण तो आमच्या निवेदनाच्या सहाव्या पानावर होता. ती चूक माझी, सगळ्यात भक्कम गोष्ट मी सगळ्यात शेवटी ठेवली होती. उत्तर आम्ही एका पानाचं दिलं. वरच्या अर्ध्यात मे २००५ आणि मे २००६ चे दोन महिने शेजारी शेजारी, ६ आणि ७ भोवती वर्तुळं. खाली तीन वाक्यं : युनिट फक्त शनिवार-रविवारी ड्रिल घेत असे. मे २००५ मध्ये अर्जदार दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या युनिटच्या हजेरीपटावर होता. या युनिटशी त्याला जोडणारा आदेश मार्च २००६ चा आहे. बाकी काही लिहिलं नाही.

मार्च २०२४ मध्ये निकाल आला. उशीर न्यायाच्या हितासाठी माफ. फॉर्मवरचं साल टंकनदोष असल्याचं मान्य. मेचे चार आणि अभ्यासक्रमाचे चार जमा, वर्ष ५१ पॉइंटांनी भरलेलं. पत्र द्यावं. सेवामुक्ती रद्द, निवृत्त राखीव दलात बदली. एप्रिलच्या वीकएंडचे चार मात्र नामंजूर : कुटुंबाच्या दिनदर्शिकेतली नोंद विश्वसनीय वाटली तरी हजेरी किती तासांची होती हे तिच्यावरून ठरत नाही.

मला हा निकाल पटला, एप्रिलसकट. ड्रिलचा पॉइंट चार तासांचा असतो, आणि "हे नाहीत" यातून तास निघत नाहीत.

पत्र उन्हाळ्यात आलं. त्याबरोबर दुसरं घड्याळ सुरू झालं : पत्र मिळाल्यापासून ९० दिवसांत वारसवेतनाची निवड करायची असते, आणि पूर्ण संरक्षण नको असेल तर त्यावर जोडीदाराची संमती लागते. दादांनी तो फॉर्म पत्रासोबत बाजूला ठेवला होता, "बघू नंतर" म्हणून. मी त्यांना त्याच आठवड्यात बोलावलं. दोघांनी माझ्या टेबलावर बसून भरला, वहिनींना पूर्ण संरक्षण.

रकमेबद्दल लोक विचारतात, म्हणून सांगते. दादांचे एकूण पॉइंट १,९८० झाले. ३६० ने भागले की साडेपाच वर्षं. प्रत्येक वर्षाला अडीच टक्के, म्हणजे १३.७५ टक्के. शेवटच्या ३६ महिन्यांचं सरासरी मूळ वेतन ४,८०० डॉलर धरलं तर महिन्याला ६६० डॉलर. अमेरिकेत यावर घर चालत नाही. पण साठीपासून मिळणारा लष्करी आरोग्यविमा यात धरलेला नाही, आणि दोघांची औषधं बघता माझ्या मते तोच मोठा आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दादा साठ वर्षांचे झाले. मार्चच्या सुरुवातीला पहिली रक्कम खात्यात आली. महिना अपुरा होता, त्यामुळे ती थोडी कमी होती. त्यांनी मला फोन केला नाही, वहिनींनी केला.

आणि मग त्यांनी एप्रिलचं विचारलं. मी हिशेब करून सांगितला : ते चार पॉइंट मिळाले तर महिन्याला सुमारे १ डॉलर ३३ सेंट वाढतील. त्या म्हणाल्या, "पैशाचं नाही गं. त्या दिवशी हे तिथे होते. पोरं विचारत होती, बाबा कुठे आहेत म्हणून. ते कुठेतरी लिहिलेलं असू दे."

नवा पुरावा असेल तर बोर्डाकडे फेरविचार मागता येतो. त्या वीकएंडला दादांबरोबर असलेला एक सार्जंट आता ओक्लाहोमात राहतो, तास त्याला आठवतात असं त्याने सांगितलं आहे. त्याच्या शपथपत्राचा मसुदा मी गेल्या शनिवारी पाठवला.